परिषदवाल्यांनो, आडनावाचं कलम कुठाय?

मागल्या महिन्यात एका परिषदेला जाऊन आलो. विषय : भाड्याची घरं, त्यांचा कायदा आणि त्यासाठी सरकारदरबारी करायचा पाठपुरावा. जागा मुंबईतलं एक बडं हॉटेल. युनियनच्या नावाने एक फुकट पास आला होता, जायला कुणी तयार नव्हतं, म्हणून मी गेलो. दारात गळ्यात अडकवायला बिल्ला दिला. त्यावर माझं नाव छापलेलं, आडनावासकट. देणाऱ्याने आधी बिल्ला वाचला आणि मग मला वाचलं. हे वाचणं आपल्या ओळखीचं आहे दोस्तहो. खोली बघायला गेलं की घरमालक असंच वाचतो.

आत थंडगार. वकील, बिल्डर, सल्लागार, बँकवाले, निवृत्त सनदी अधिकारी, दोनचार संस्थावाले. दिवसभर भाडेकरूवर बोलले. पण भाडेकरू म्हणून एकालाही स्टेजवर बसवलं नव्हतं. लग्नाची बोलणी जोरात, आणि पोरीला विचारलंच नाही, तसला प्रकार.

तरी त्यांनी जे सांगितलं ते आपण नीट ऐकून घेतलं पाहिजे. नुसत्या शिव्या देऊन मोकळं होण्यात अर्थ नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. १९६१ साली देशातल्या शहरांत शंभरातली ५४ कुटुंबं भाड्याने राहायची, २०११ साली २८ उरली. २०११ च्या शिरगणतीत शहरांमधली १ कोटी १० लाखांवर घरं कुलूप लावून रिकामी सापडली. आणि २०१२ साली सरकारच्याच तज्ज्ञ गटाने सांगितलं की शहरांत १ कोटी ८७ लाख घरं कमी आहेत, आणि ही कमतरता जवळजवळ सगळी गरिबांच्या वाट्याची. म्हणजे एकीकडे माणसाला घर नाही, दुसरीकडे घराला माणूस नाही. का? परिषदेचं उत्तर : मालक घाबरतो. भाडेकरू घुसला की निघत नाही, कोर्टात वर्षं जातात, म्हणून मालक कुलूप लावून बसतो. त्याची भीती घालवा, घरं आपोआप बाहेर येतील.

भीती घालवायचं औषधही तयार आहे. २ जून २०२१ रोजी केंद्राच्या मंत्रिमंडळाने नमुना भाडेकरार कायदा मंजूर केला. राज्यांनी तो उचलायचा. करार लेखी पाहिजे. राहत्या घराचं डिपॉझिट दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त नको. भांडणासाठी वेगळं प्राधिकरण, वेगळं न्यायालय, वर न्यायाधिकरण. मुदत संपून भाडेकरू निघाला नाही तर पहिले दोन महिने दुप्पट भाडं, पुढे चौपट.

यातलं सगळंच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. डिपॉझिटला दोन महिन्यांची मर्यादा घालत असतील तर त्या कलमाला मी दोन्ही हात वर करीन. डिपॉझिटपायी आपल्या बायांची डोरली गहाण पडलेली आपण पाहिली आहेत. जुना भाडेनियंत्रण कायदाही काही आपला देव नव्हता. १९४७ चा मुंबईचा कायदा, भाडं १९४० च्या भावाला बांधलेलं. पन्नास वर्षं उलटून गेल्यावर १९९७ साली सुप्रीम कोर्टच म्हणालं की हे गोठवणं आता वाजवी राहिलेलं नाही. मग महाराष्ट्राने १९९९ चा नवा कायदा केला, ३१ मार्च २००० पासून तो लागू झाला. वर्षाला ४ टक्के वाढ आली, पागडी कायदेशीर झाली. पण या सगळ्या भाडेनियंत्रणात आपण होतो कुठे? पागडी द्यायला आधी डोक्यावर पागोटं लागतं. आपल्या आज्यांच्या डोक्यावर पाटी होती. आपण होतो बी.डी.डी. चाळीत, बी.आय.टी. चाळीत, पालिकेच्या सफाई कामगारांच्या क्वार्टरमध्ये, आणि नाल्याकाठच्या झोपडीत. झोपडीच्या भाडेकरूला ना करार, ना पावती. आणि क्वार्टरची तऱ्हा तर सगळ्यात न्यारी. बाप रिटायर झाला की खोली खाली कर, नाहीतर पोराने झाडू हातात धर. जगात कुठल्या भाडेकराराची अशी अट असेल? घर हवं तर बापाची जात पुढे चालव! परिषदेत या करारावर एकही निबंध वाचला गेला नाही.

तर मुद्दा असा. मालकाच्या भीतीवर दिवसभर बोलणं झालं. प्रश्नोत्तराला मी उठलो. विचारलं, साहेब, मालकाची भीती कळली. आमच्याही मनात एक भीती आहे. आडनाव सांगितलं की खोली जाते. तुमच्या नमुना कायद्यात जातीवरून, धर्मावरून घर नाकारायला बंदी करणारं कलम कितवं?

सभागृहात जरा चुळबूळ झाली. कलम नाहीच, तर नंबर कुठला सांगणार! मग स्टेजवरून तीन उत्तरं आली. एकजण म्हणाला, शहरात आता जात कोण विचारतं? दुसरा म्हणाला, मालमत्ता मालकाची, कुणाला द्यायची तो ठरवील. तिसऱ्या बाई होत्या, त्या गोड आवाजात म्हणाल्या, तुमचा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण तो सामाजिक आहे, आजचा विषय कायद्याचा आहे. लगेच चहाची सुट्टी झाली.

ही तीन उत्तरं तुम्हाला उद्या कुठेही ऐकायला मिळतील. म्हणून एकेकाचा हिशेब इथेच करून ठेवू.

शहरात जात कोण विचारतं?

माझी धाकटी बहीण नर्स आहे. २०२० साली ज्यांच्यासाठी देशाने थाळ्या वाजवल्या, त्यांतली एक. दोन वर्षांनी तिला पुण्यात हॉस्पिटलजवळ खोली पाहिजे होती. रात्रपाळी असते, लांब राहून भागत नाही. एजंटने एक वन रूम किचन दाखवलं. मालकीणबाई भेटल्या, पोरगी साधी आहे म्हणाल्या, चहा दिला. टोकन दिलं. दुसऱ्या दिवशी करारासाठी आधार कार्डाचा फोटो पाठवला. संध्याकाळी एजंटचा फोन. "ताई, मॅडमचा भाचा गावाकडून येणार आहे, रूम त्यालाच लागणार." टोकन परत. महिन्याने तीच खोली त्याच एजंटच्या जाहिरातीत होती. भाचा काय रस्ता चुकला?

कुणी जात विचारली का? नाही. कुणी शिवी दिली का? नाही. शहरात जात विचारत नाहीत हे त्या गृहस्थाचं म्हणणं अगदी खरं आहे. शहरात जात वाचतात. आडनावात वाचतात, आधार कार्डावर वाचतात, फोनवरच्या बाबासाहेबांच्या फोटोत वाचतात. "फक्त शाकाहारींसाठी" या पाटीचा अर्थ मटणाच्या वासापुरता नसतो हे लहान पोरालाही कळतं. आपल्यातला एखादा जन्माचा शाकाहारी पाठवून बघा, मिळते का खोली.

आणि ही माझ्या बहिणीपुरती रड नाही. सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीच्या परिसरात उच्चवर्णीय, दलित आणि मुसलमान नावांनी घरं मागून पाहिली. २०१५ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. उच्चवर्णीय नावाला नकार जवळजवळ नाहीच. दलित नावाला नकार, नाहीतर जादा अटी. मुसलमान नावाला सगळ्यांत जास्त नकार. परिषदेतल्या लोकांना आकडे फार आवडतात. हे आकडे त्यांच्या एकाही तक्त्यात नव्हते.

आता मागे जाऊ. १९१७. परदेशातून शिकून आलेला एक तरुण बडोदा संस्थानात मोठ्या हुद्द्यावर रुजू व्हायला येतो. गावात राहायला जागा मिळत नाही. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत राहतो. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक येतात आणि त्याला बाहेर काढतात. मित्रांची दारं ठोठावली, तीही उघडली नाहीत. तो माणूस बागेत बसून दिवस काढतो आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परततो. पदवी होती, पगार होता, महाराजांचा हुकूम होता. नव्हती ती फक्त खोली. ज्याने पुढे या देशाच्या घटनेचा मसुदा लिहिला त्याला या देशात भाड्याने जागा मिळाली नव्हती. शंभर वर्षांत काय बदललं? लाठीच्या जागी भाचा आला.

मालमत्ता मालकाची, मर्जी मालकाची

हे वाक्य पण नवीन नाही. महाडला आपण ऐकलेलं आहे. मार्च १९२७ मध्ये आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. त्यानंतर तिथल्या सवर्णांनी काय केलं? कोर्टात गेले आणि म्हणाले, तळं सार्वजनिक नाही, खाजगी मालमत्ता आहे. डिसेंबरात तात्पुरता मनाई हुकूमही मिळवला. हा दावा हायकोर्टापर्यंत गेला आणि १९३७ साली निकाल आपल्या बाजूने लागला. दहा वर्षं लागली. तेव्हा लक्षात ठेवा, "खाजगी मालमत्ता" हे अस्पृश्यतेचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात सभ्य नाव आहे.

आणि घर भाड्याने द्यायचं म्हटलं की मालक एकटा असतो का? त्याचा करार नोंदवून कोण घेतं? सरकार. आपल्या राज्यात हा करार लेखी आणि नोंदवलेला असणं सक्तीचं आहे. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपली की जागा खाली करून देणारा सक्षम प्राधिकारी कुणाचा? सरकारचा. भाड्याच्या उत्पन्नावर आयकरात ३० टक्के सरसकट वजावट कोण देतं? सरकार. आता परिषद म्हणते, मालकासाठी वेगळं न्यायालय पण काढा. वा रे वा! माणूस बाहेर काढायला सरकारचा दंडुका पाहिजे, आणि माणूस आत घ्यायची वेळ आली की ती खाजगी बाब. सरकारची ताकद फुकट मिळणार नाही. ती पाहिजे तर सरकारची अटही पाळा. एवढंच आपलं म्हणणं आहे.

इथे एक कडू गोष्ट सांगायला पाहिजे. २००५ साली सुप्रीम कोर्टापुढे अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीचा खटला आला. सभासद फक्त पारशीच होऊ शकेल असा तिचा उपविधी. कोर्टाने तो मान्य केला. निकाल सोसायटीच्या सभासदत्वाबद्दल होता, भाडेकरूबद्दल नव्हता, हे खरं. पण त्याची सावली लांब पडली. जातीच्या आणि धर्माच्या नावाने वसवलेल्या सोसायट्यांना तेव्हापासून एक ढाल मिळाली. बडोद्याची धर्मशाळा आणि अहमदाबादची सोसायटी यांत अठ्ठ्याऐंशी वर्षांचं अंतर आहे. घटना मधेच येऊन गेली.

हा सामाजिक प्रश्न आहे, कायद्याचा नाही

बाई, तुम्ही कायद्याची पुस्तकं विकून खाता. मग हेही वाचा. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, कलम ४. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला आडकाठी केली तर तो गुन्हा आहे. पोलिसांनी थेट दखल घ्यावी असा गुन्हा. शिक्षा एक महिना ते सहा महिने कैद. आणि कलम १२ तर याहून जोरदार. असं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाच्या बाबतीत घडलं असेल तर ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच घडलं असं कोर्टाने धरून चालायचं. तसं नव्हतं हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. १९९० नंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या यादीत धरलं आहे. म्हणजे भाचा खरोखरच येणार होता हे मालकीणबाईंनी सिद्ध करायचं!

दंड किती, ते मात्र वाचू नका, हसाल. शंभर ते पाचशे रुपये. पाचशे रुपयांत एजंट फोनसुद्धा उचलत नाही.

पुढे वाचा. घटनेचं कलम १५, पोटकलम २. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांत जातीवरून मज्जाव नाही. घराचा शब्द नाही, बरोबर. पण २९ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत याच कलमावर चर्चा झाली. दुकान म्हणजे काय, असा प्रश्न आला. बाबासाहेबांनी उत्तर दिलं की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने वापरलेला आहे, जो कोणी आपली सेवा लोकांना देऊ करतो तो त्यात येतो. मग सांगा, रस्त्यावर पाटी लावून, फोनवर जाहिरात टाकून खोल्या दाखवणारा, एका महिन्याचं भाडं दलाली घेणारा एजंट दुकान मांडून बसलेला आहे की नाही? सुप्रीम कोर्टाने २०११ साली एका खाजगी कॉलेजच्या खटल्यात बाबासाहेबांचं हे उत्तर आधाराला घेतलेलं आहे. वकिलांनो, ते घराच्या दाराशी आणून उभं करा. ते काम तुमचं.

आणखी एक. २०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि आर्थिक बहिष्काराची व्याख्या आली. धंद्यात इतरांशी ज्या अटींवर सर्रास व्यवहार केला जातो त्याच अटींवर व्यवहार करायला नकार देणं, हे त्या व्याख्येत बसतं. कायदे आहेत. तरी खोली नाही, कारण हे कायदे भाडेकराराच्या कायद्यात कुणी लिहिले नाहीत. भाडे प्राधिकरणापुढे डिपॉझिटची तक्रार चालेल, गळक्या नळाची चालेल, नकाराची चालणार नाही. कारण नाकारलेला माणूस त्या कायद्याच्या भाषेत भाडेकरूच नाही. तो दाराबाहेरच राहतो. गावकुसाबाहेर होता तसाच.

अमेरिकेत बघा. ज्या काळ्या पँथरांकडे बघून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्या काळ्या माणसांना पण गोऱ्यांच्या वस्तीत खोली मिळत नव्हती. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६६ साली शिकागोत खुल्या घरांसाठी मोर्चे काढले, दगड खाल्ले. ४ एप्रिल १९६८ ला त्यांचा खून झाला आणि ११ एप्रिलला घर देताना भेदभाव करायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही झाली. माणूस मेल्यावर सात दिवसांनी. पण कायदा आल्यावर ते गप्प बसले नाहीत. जोडीची तपासणी सुरू केली. एक काळा आणि एक गोरा, पगार सारखा, नोकरी सारखी, एकाच घरासाठी जायचं. काळ्याला म्हणतात जागा नाही, गोऱ्याला म्हणतात या की. झाला पुरावा. अशी तपासणी करणारा माणूस कोर्टात दाद मागू शकतो, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९८२ साली मान्य केलं.

आता आपल्या घरात बघू

दुसऱ्याचं काढलं, आता आपलं काढतो. राग येऊ देऊ नका.

आपल्यातल्या किती जणांनी आडनाव बदलून गावाचं नाव लावलं? मी दोष देत नाही. खोलीसाठी नाव लपवायची पाळी बडोद्यात बाबासाहेबांवरही आली होती. पण त्यांनी पुढे ती गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून जगापुढे मांडली. आपण सोसायटीत शिरलो की भिंतीवरचा फोटो बेडरूममध्ये हलवतो आणि चौदा एप्रिलला रजा टाकून गावाला जातो. याला घर म्हणायचं की लपायची जागा?

आपल्या नगरातले आपलेच मालक. चार खोल्या बांधल्या की त्यांना मिशा फुटतात. पावती देत नाहीत, करार करत नाहीत, आणि गावाकडनं आलेल्या आपल्याच पोराकडून विजेचे जादा पैसे घेतात. आणि सगळ्यात वाईट : मुसलमान आला तर आपण देतो का खोली? मांग, मेहतर आला तर? छातीवर हात ठेवून सांगा. जो दुसऱ्याला दारातून परत पाठवतो त्याला दाराबाहेर उभं राहून रडायचा हक्क उरत नाही.

करायचं काय?

निवेदन देऊन फोटो काढायचे दिवस संपले. कामं सांगतो, चार.

एक. जोडीची तपासणी. प्रत्येक वस्तीतून दोन पोरं, दोन आडनावं, एकच जाहिरात. फोन करा, जाऊन या. तारीख, वेळ, एजंट काय बोलला, मालक काय बोलला, लगेच वहीत लिहा. जाहिरातीचा फोटो जपून ठेवा. शंभर नोंदी झाल्या की शहरात कोण जात विचारतं याचं उत्तर तयार.

दोन. भक्कम पुरावा असेल तिथे कलम ४ खाली फिर्याद. ठाणेदार घेणार नाही. वर लेखी द्या. कलम १२ तोंडपाठ करून जा.

तीन. "सोसायटी परवानगी देत नाही" ही थाप ऐकून परत फिरू नका. महाराष्ट्राच्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधीत भाडेकरू ठेवण्याआधी सोसायटीला कळवायचं आहे, तिची परवानगी मागायची नाही.

चार. महाराष्ट्रात भाड्याच्या कायद्याला कुणीही हात लावील तेव्हा आपली एकच ओळ पुढे ठेवायची : जात, धर्म, लिंग, आहार किंवा आडनाव यांवरून घर नाकारणं, जादा भाडं मागणं किंवा वेगळी अट घालणं हा गुन्हा, आणि नाकारलेल्या माणसाला याच कायद्याखाली दाद मागता येईल. ही ओळ नसेल तर डिपॉझिटची मर्यादा आपल्या काय कामाची? जी खोली मिळतच नाही तिचं डिपॉझिट दोन महिन्यांचं असलं काय आणि वीस महिन्यांचं असलं काय!

परिषदवाल्यांनो, तुम्ही म्हणता बंद घरांची कुलपं उघडायची आहेत. उघडा. पण घराच्या कुलपाआधी एक कुलूप मालकाच्या डोक्याला आहे, आणि ते तुमच्याही डोक्याला आहे. ते न उघडता तुम्ही बाकीची एक कोटी घरं उघडलीत तरी आमची पोरगी रात्रपाळी संपवून चौदा किलोमीटरवरच्या वस्तीतच झोपायला जाणार.

तुमच्या पुढच्या परिषदेला आम्ही येणार आहोत. पास असो नसो. बिल्ल्यावर आडनाव मोठ्या अक्षरात लिहा. सोबत वही असेल, शंभर नोंदींची. प्रश्नोत्तरापर्यंत थांबणार नाही.

जय भीम.